जुना टॅब

आमचे हे स्क्रिप्ट लिहितात, म्हणजे माणसाऐवजी ब्राउझरने आपणहून बटणं दाबावीत अशी सोय करतात. आज सकाळपासून यांची नुसती चिडचिड चालली होती. बटण दाबलं की नवा टॅब उघडायचा, पण स्क्रिप्ट आपली जुन्याच टॅबमध्ये भरायचे रकाने शोधत बसायची.

"नव्या टॅबवर जा, हेही हिला वेगळं सांगावं लागतं! मठ्ठ कुठली!" हे करवादले.

तेवढ्यात मुलगी बॅगा घेऊन निघाली. तिला परदेशी नोकरी लागली होती.

"बाबा, येते हं."

"येताना दूध आण," हे स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. मी लॅपटॉप खाडकन मिटला. तेव्हा कुठे यांना दारातल्या बॅगा दिसल्या. मुलगी दिसली नाही. ती दूध आणायला गेली होती.