राउटर आणि मुकादमाचा फोन

माहिती सगळ्यांची असते, हे मी लहानपणापासून चळवळीच्या पत्रकांत वाचत आलो. अंबाजोगाईच्या खोलीत ऊसतोड कामगारांवरचा माहितीपट टोरेंटवरून उतरवतानाही मला तेच योग्य वाटत होतं. वेग फार कमी होता, म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं. बाहेरच्या संगणकांना थेट माझ्या लॅपटॉपपर्यंत वाट मिळाली आणि फाइल धो धो उतरू लागली.

तेवढ्यात रूममेटच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. ती ऊसतोडीला गेली होती आणि मुकादमाचा फोन मिळेल तेव्हाच बोलायची. पडद्यावर तिचा चेहरा अडकला.

"कावून दिसंना बे?" रूममेटनं राउटर थोपटला. "उसाच्या फडात रेंज नसंल."

मी घाईनं डाउनलोड थांबवलं. चित्र हललं, पण मागून मुकादम ओरडला, "बास की आता, फोन दे!"

"जेवलास का?" एवढंच तिचं ऐकू आलं आणि कॉल तुटला.

"माझ्या डाउनलोडमुळं अडकलं," मी म्हणालो.

"आसू दे बे. काय उतरवत होतास एवढं?"

ऊसतोड कामगारांवरचा माहितीपट अर्धाच उतरला होता. मी लॅपटॉप मिटला.