झालं, काका

डॉक्टरकाका घर बंद करायचे ते पोट शिवल्यासारखं. चाळीस वर्षं सर्जरी केलेला माणूस. आत काही राहिलं नाही ना, याची खात्री झाल्याशिवाय शेवटचा टाका घालायचा नाही, ही सवय हाडीमाशी खिळलेली. रिटायर झाल्यावर ऑपरेशन थिएटर सुटलं, सवय सुटली नाही. ती ते आपल्या कॉटेजवर चालवत. दारात उभं राहून "खिडक्या?" असं ते खणखणीत आवाजात विचारत आणि मदतीला आलेल्याने तितक्याच मोठ्याने "झालं, काका!" म्हणायचं. नुसती मान डोलावलेली चालत नसे. "मान डोलावणारी नर्स मी कधी ठेवली नाही," म्हणायचे.

हे कॉटेज मिशिगनच्या उत्तर भागात, आमच्या ट्रॉय शहरापासून चार तासांवर, एका लहानशा तळ्याकाठी. उन्हाळ्यात तिथे आमच्या अर्ध्या मराठी मंडळाचा राबता. पोरं तळ्यात, पुरुषमंडळी ग्रिलपाशी, आणि सगळ्यांच्या तोंडी "काका, काय जागा आहे यार!" ऑक्टोबर आला की हे सगळे गायब, आणि काम नेमकं तेव्हाच. बोटीचा लाकडी धक्का तुकड्यातुकड्यांनी पाण्याबाहेर ओढायचा, जळण रचायचं, पानं गोळा करायची आणि हिवाळ्यात गोठून नळ्या फुटू नयेत म्हणून घरातलं सगळं पाणी सोडून द्यायचं. काकू गेल्या तेव्हापासून या कामाला त्यांच्याबरोबर, नात्याची नसले तरी, मी जायची. "उन्हाळ्यात येतात ते पाहुणे. ऑक्टोबरात येतं ते घरचं माणूस," असं ते एकदा मला म्हणाले होते. मी ते नंतर चार लोकांत मिरवलंही.

त्यांचं काम संथ. झाडावर निम्मी पानं असतानाच ते दाताळं घेऊन खालची ओढायला लागत. मी म्हणायची, "काका, सगळी पडू द्या ना, एकदाच काढू." यावर उत्तर ठरलेलं, "उद्या वाढणार म्हणून आज दाढी करायची नाही का?" शेजारपाजारची घरं बंद झालेली, तळ्यावर एक बोट नाही, आणि त्या शांततेत दाताळ्याची खरखर तेवढी ऐकू यायची. दुपारी पायरीवर बसून आम्ही चिवडा खायचो आणि वर सफरचंदाचं गरम सायडर प्यायचो. मला आईवडिलांच्या घरी इतकं निवांत कधी वाटलं नव्हतं, मग नोकरीत कुठून वाटणार!

नोकरी मात्र पाचवीला पुजलेली. त्या वर्षी शनिवार असूनही ऑफिसचा एक कॉल माझ्या मागे लागला. काका वर स्वयंपाकघरात, आणि मी घराखालच्या बुटक्या जागेत, कानात इअरबड घालून गुडघ्यांवर. पाणी सोडायचा शेवटचा नळ तिथे कोपऱ्यात होता. कॉलवर कुणीतरी माझ्याच चुका वाचून दाखवत होतं. तेवढ्यात फळ्यांमधून काकांचा आवाज आला, "खालचा नळ?" मी उत्तर दिलं नाही. पुन्हा आला, "अगं, खालचा नळ?" मी फोन म्यूट केला, "झालं, काका!" म्हणून ओरडले आणि पुन्हा कॉलवर गेले. कॉल संपला की उघडू, असं मनात होतं. कॉल संपला तेव्हा मी इतकी चिडलेली होते, की सरळ बाहेर येऊन कपडे झटकले आणि गाडीत जाऊन बसले. काकांनी दाराला कुलूप लावलं.

मे महिन्यात घर उघडलं. पंप सुरू करून आम्ही तळ्याकडे गेलो, संध्याकाळी परतलो तो स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी. भिंतीतली नळी फुटली होती, लाकडी जमीन फुगून वर आली होती. प्लंबरने खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, नळीत पाणी राहून गोठलं, खालचा नळ उघडलेलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी नेहा व्हर्जिनियाहून आली. ती अमेरिकेतच जन्मलेली, बापावर जीव टाकणारी. तिने हळूच विचारलं, "बाबा, डिड यू फर्गेट?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात संशयाचा लवलेश नव्हता, हेच मला सहन होत नाही. "मी हिला विचारायलाच विसरलो असणार," ते म्हणाले. "विचारलं असतं तर हिने केलंच असतं."

बोलायची ती वेळ होती. मी मूग गिळून बसले. नेहासमोर लाज वाटली, हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे, 'घरचं माणूस' ही पदवी मला सोडवेना. नेहाने मला बाहेर नेऊन सांगितलं, "बाबा तुझं ऐकतात. तूच सांग ना, कॉटेज विका म्हणून. इट्स नॉट सेफ एनीमोर." आणि मी, नालायक बाई, काकांना ते समजावूनही सांगितलं! त्यांनी वाद घातला नाही. शरद ऋतू लागायच्या आत कॉटेज विकलं गेलं आणि काका व्हर्जिनियात हर्नडनला नेहाकडे राहायला गेले.

मी वर्षभर फोनवरच भेटत राहिले. शेवटी एका ऑक्टोबरात धीर करून गेले. नेहा ऑफिसात होती. काकांनी चहा टाकला, गॅस बंद केला, बंद झाला का ते तीनदा पाहिलं. फ्रिजवर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या: गोळी घेतली, मागचं दार लावलं, नेहाला फोन केला. "गाडी सोडली मी," ते म्हणाले. "माझा आता माझ्यावर भरवसा नाही गं."

मी हवापाण्याच्या गोष्टी करत राहिले. ताकाला जाऊन भांडं लपवणं किती वेळ चालणार? शेवटी म्हटलं, "काका, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं. नळाला हातही न लावता मी झालं म्हणाले."

त्यांनी कप खाली ठेवला. "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"मी विचारलं होतं? नक्की?"

"दोनदा विचारलंत, काका."

आता रागावतील म्हणून मी खाली मान घातली. रागवावं, अशी माझी इच्छाच होती. पण ते हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. "म्हणजे मी विसरलो नव्हतो!" ते उठले आणि फ्रिजवरची एकेक चिठ्ठी काढून माझ्या हातात द्यायला लागले. मी क्षमा मागत होते, ते त्यांच्या कानांपर्यंत पोहोचतही नव्हतं.

संध्याकाळी त्यांच्यासमोरच मी नेहालाही सगळं सांगितलं. त्यानंतर काका पाचच महिने होते. त्यात ते पुन्हा गाडी चालवायला लागले होते, स्वतः जाऊन भाजी आणत होते, असं त्यांनीच फोनवर सांगितलं. मी मे महिन्यातच तोंड उघडलं असतं तर त्यांना पाच महिन्यांऐवजी दोन वर्षं मिळाली असती, आणि तळंही.

मला रागवायचं त्यांना सुचलंच नाही. नेहा मात्र त्या संध्याकाळपासून माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. खरं सांगते, मला तिचाच आधार वाटतो.