लेन्सला हात लावू नका!

आमच्या नेवाशाच्या पक्षी-तारे मंडळात माणसं वीस-पंचवीस, बायनॉक्युलर चार आणि टेलिस्कोप एक. किस्से मात्र ढीगभर! कारण एकच, काच दिसली की आमच्या माणसाचा हात रुमालाकडे जातोच. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून सामानाची राखण माझ्या गळ्यात. लेन्सवर कोटिंगचा पातळ थर असतो आणि तो घासला गेला की परत येत नाही, हे मी इतक्यांदा सांगितलंय की बायको म्हणते, "आता झोपेतही सांगायला लागलात!"

त्यातला टेलिस्कोप आमच्या गेलेल्या मित्राचा, त्याच्या घरच्यांनी विश्वासाने दिलेला. त्याच्या पुढच्या काचेवर मी आजवर कुणाचं बोट उमटू दिलेलं नाही. माझा जीव अडकलाय तो तिथे.

*

विलासचं मोबाईलचं दुकान आहे. धरणाच्या फुगवट्यावरून पक्षी बघून परतताना त्याच्याकडची बायनॉक्युलर धुळीने माखली होती. मी फोनवर बजावलं, "पुसू नकोस! आधी हवा मारायची, धूळ उडवायची."

दुसऱ्या दिवशी साहेब हजर. "सर, एकदम क्लीन! पंक्चरवाल्याकडं नेल्ती. टायरची हवा मारली."

"अरे, त्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेल असतं, पाणी असतं!"

"व्हय, दिसलं ना काचंवर. म्हणून मग बनियननं पुसली."

*

साळवे सर रिटायर्ड ड्रॉइंग टीचर. माणूस टापटिपीचा. चर्चमधलं पितळ घासून लखलखीत ठेवायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. म्हटलं, हे नीट सांभाळतील. दुसरी बायनॉक्युलर त्यांना दिली.

आठवड्याने फोन. "सर, गुड न्यूज! त्या पुढच्या काचांवर जांभळट-हिरवट डाग होता बघा. किती वर्षांचा होता कोण जाणे!"

तो डाग म्हणजेच कोटिंग!

"साबणाने गेला नाही," सर रंगात आले होते. "टूथपेस्टने जरा हलला. मग पितळ घासायची राख घेतली. एका काचेचा साफ गेला!"

"आणि दुसऱ्या?"

"त्याला उद्या बसतो."

मी पायात बायकोच्या चपला घालून त्यांच्या घरी पोचलो.

*

तिसरी दिली शेळके मॅडमना. त्या माझ्याच शाळेत गणित शिकवतात, सांगितलेलं तंतोतंत पाळतात. खंडेनवमीला त्यांच्या वस्तीवर गेलो, तर ट्रॅक्टर, विळे, कोयते ओळीने पूजेला मांडलेले आणि मधोमध आमची बायनॉक्युलर. चारही काचांना हळदकुंकू!

"मॅडम, तुम्ही इथेच होतात ना?"

"होते ना. तुम्ही सांगितलं होतं, लेन्सला बोट लावायचं नाही. म्हणून मी सासूबाईंना झेंडूच्या पाकळीने लावायला सांगितलं."

सासूबाईंनी मला प्रसाद दिला.

*

मग मात्र रविवारी सगळ्यांचा क्लासच घेतला. आधी रबरी फुगा दाबून हवा, मग मऊ ब्रश, मग लेन्सच्या कागदावर लिक्विडचे दोन थेंब. थेंब कागदावर, काचेवर नाही! आणि हलक्या हाताने, मधून कडेला. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मला भरून आलं.

पुढच्याच फेरीला पाण्यावर फ्लेमिंगोच फ्लेमिंगो! सगळे बघतायत आणि शेळके मॅडम बायनॉक्युलर गळ्यात अडकवून नुसत्या उभ्या. चारही झाकणं घट्ट बंद.

"मॅडम, बघा ना!"

"कशी बघू? झाकण काढलं की धूळ बसणार, धूळ बसली की पुसावी लागणार, आणि कुणी पुसलं की तुम्ही ओरडणार."



*

आणि हा किस्सा शनिशिंगणापूरजवळच्या एका वस्तीवरचा. शनिवारची संध्याकाळ. टेलिस्कोपमधून शनी दाखवायचा कार्यक्रम, लोकांची ही रांग! शनी नुकताच पूर्वेला वर आलेला, त्यामुळे नळी जवळजवळ आडवी आणि पुढची काच कुणाच्याही हाताला येईल अशी. मी तिथेच पहारा देत उभा. "बघायचं मागून! पुढे कुणी यायचं नाही!"

काशिनाथबाबांचा नंबर आला. वय ऐंशीच्या आसपास, डोक्याला फेटा, खांद्याला पिशवी. त्यांनी डोळा लावला तो काढेचनात.

"कडं हाय की वो त्येला!"

"हो बाबा. तोच शनी."

"खराखुरा?"

"खराखुरा."

बाबांनी हात जोडले. मग सावकाश टेलिस्कोपला वळसा घालून ते पुढे आले. म्हाताऱ्या माणसाला अडवायचं कसं, म्हणून येऊ दिलं. त्यांनी पिशवीतून बाटली काढली, बूच उघडलं आणि तेलाची धार सरळ काचेच्या दिशेने!

"बाबा, नको!" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. मी माझा अख्खा पंजा त्या काचेवर दाबून धरला. तेल माझ्या हातावर, मनगटावर, तिथून बाहीत. विलासने डोळे मिटून घेतले.

बाबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग बाटलीत उरलेलं तेलही शांतपणे माझ्याच हातावर ओतलं आणि म्हणाले,

"असू द्या, सर. तुमालाच जास्त गरज दिसती."