सरहद्दीवरची सांचाकाकी

आमच्या कान्यारोया गावात भट्टी एकच होती आणि ती सांचाकाकी चालवायची. मालकीची म्हणाल तर अदेलांतादोची. नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ग्रानादाच्या सुलतानाचा मुलूख. आणि अशा सरहद्दीवर राजानं आपल्या पुढं धाडलेला माणूस म्हणजे अदेलांतादो. न्याय त्याचा, फौज त्याची, फासाचा दोर त्याचा, आणि आमचे पाव भाजायची भट्टीही त्याचीच. "पुढं धाडलेला म्हणे! लढाईत तर कायम मागच्या टेकडीवर दिसतो," असं काकीचा नवरा म्हणायचा. तो तापानं गेला आणि काकीच्या पदरात एक लेक राहिली, ओलाया.

मी काकीची शेजारीण. कणीक मळायला रोज तिच्याकडे असायची. ओलाया तेव्हा नऊ वर्षांची होती. चपळ आणि भलती तोंडाळ. "काकू, तुझ्या पावाला पोक आलंय गं," असं मला म्हणून पळून जायची. भट्टीसाठी नदीकाठच्या उतारावरून काटक्या आणायचं काम तिचं.

एका संध्याकाळी ती काटक्यांना गेली आणि परत आलीच नाही. आम्ही हाका मारत उतारावर गेलो, तर मोळीचा दोर तेवढा पडलेला. इतक्यात अदेलांतादोचा कप्तान ओर्दोन्यो घोड्यावरून वर आला. त्याचा डावा कान अर्धा तुटला होता आणि मानेवरून रक्त वाहत होतं.

"पलीकडच्यांनी पोर उचलली," तो धापा टाकत म्हणाला. "मी एकटाच मागं लागलो. नदीत गाठलं त्यांना, पण ते चौघं होते. तलवारीनं कान गेला, आणि पोरही गेली."

काकीनं तो मोळीचा दोर उचलून घेतला. मग कप्तानाला घरात घेऊन आली आणि स्वतःच्या हातानं तो कान धुतला. कोमट पाण्याचं भांडं मी धरलं होतं.

त्या वर्षी पलीकडच्यांशी तह होता. दुसऱ्या दिवशी अदेलांतादोनं तो मोडला. दोन फाद्रिके त्याचं नाव; 'दोन' म्हणजे आमच्याकडं बड्या सरदारांच्या नावाआधी लावायचा मान. "आमची लेक नेता काय!" म्हणून घंटा बडवल्या गेल्या, गावातले सगळे धडधाकट पुरुष नदी ओलांडून गेले आणि समोरचं बेनहादू गाव जाळून आले. गुरं आणली, तांब्याची भांडी आणली, माणसं आणली. लुटीतला राजाचा वाटा आणि अदेलांतादोचा वाटा निघाल्यावरही घराघरात काही ना काही आलं. काकीच्या वाट्याला एक कैदी आला, उबैद नावाचा चटया विणणारा. "पोरीच्या बदल्यात," दोन फाद्रिके म्हणाला.

काकी स्वभावानं वाईट नव्हती. कुत्र्यालाही कधी काठी दाखवली नाही तिनं. पण उबैदपुढं ती वेगळीच बाई व्हायची. त्याला करपलेले तुकडे टाकायची. रोज सकाळी लाकडं फोडायला त्याला सोडताना एकच प्रश्न:

"चोरा, माझी पोर कुठंय?"

"मला ठाऊक नाही, बाई. आमच्या गावानं कुणाची पोर आणली नाही."

मग पाव सरकवायचा लांब दांडा त्याच्या पाठीत बसायचा. आम्ही बघायचो. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आणि दर सणाला बडीशेप घातलेला पहिला पांढरा पाव काकी स्वतः कप्तानाच्या घरी न्यायची. "माझ्या पोरीपायी कान दिलात, भाऊ. हे उपकार फिटायचे नाहीत." कप्तान पाव घ्यायचा आणि म्हणायचा, "वहिनी, दुसरा कानही दिला असता."

बरीच वर्षं अशीच गेली. मग पुन्हा तह झाला, आणि कैदी सोडवायला दोन्हीकडे ये-जा करणारा एक म्हातारा काकीच्या दारात आला.

"सांचाबाई, बसून ऐका. पोर जिवंत आहे. डोंगरातल्या एका गावात आहे, लग्न झालंय, त्यांचा धर्म घेतलाय. तुमचा कैदी द्या, ते तिला नदीवर आणतील. पण रीत तुम्हाला माहीत आहे."

रीत सगळ्यांनाच माहीत होती. धर्म बदललेल्या माणसाला दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांपुढं उभं करायचं आणि विचारायचं, कुठं जाणार? तो म्हणेल तिकडं त्याला जाऊ द्यायचं.

"येईल ती," काकी म्हणाली. "आईला बघितलं की येईल." तिनं पाव भाजले, नवं अंथरूण शिवलं. त्या आठवड्यात उबैदला मारलं नाही, एवढंच.

ठरलेल्या सकाळी अर्धं गाव नदीच्या वाळूत जमलं. अलीकडे खुर्चीवर दोन फाद्रिके, त्याच्या बाजूला कप्तान ओर्दोन्यो आणि स्वार. पलीकडून त्यांचा काझी दुभाष्याला घेऊन आला, त्याच्या मागं खेचरावर एक बाई, कडेवर पोर. बाई उतरली आणि पाण्यातून चालत मधल्या वाळूवर आली. पायघोळ झगा, डोक्यावर पांढरं वस्त्र. मला तर ती ओळखताच आली नाही. काकी पुढं गेली.

"ओलाया... अगं, मी..."

"आई," ती म्हणाली. आमच्याच बोलीत. आणि दोघी अशा रडल्या की पलीकडच्या बायकाही डोळे पुसायला लागल्या. काकीनं पदराखालून पाव काढला, नातीच्या हातात दिला. पोरगी लगेच चावायला लागली. "तुझ्यासारखीच हावरट आहे गं," काकी म्हणाली, आणि ओलाया रडता रडता हसली. मला वाटलं, झालं, आली ही घरी.

ऊन चढलं होतं. कप्तानानं शिरस्त्राण काढून घाम पुसला. ओलायाची नजर सहज तिकडं गेली, आणि तिचं हसणं जागीच थिजलं. ती दोन पावलं मागं सरकली. पोरीला तिनं इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

"हा माणूस इथं कसा?"

"घाबरू नकोस, बाळ," काकी म्हणाली. "हेच ते कप्तान. तुला सोडवायला एकटे धावले होते. कान गेला बघ त्यांचा तुझ्यापायी."

"सोडवायला?" ओलाया म्हणाली. शब्द शोधत शोधत बोलत होती, पण एकेक शब्द लख्ख ऐकू येत होता. "यानंच मला घोड्यावर घातलं, आई. मी ओरडले तर तोंड दाबलं. तोंडावरचा हात सुटला तेव्हा मी याचा कान चावला. तुकडा माझ्या तोंडात आला. पलीकडं दोघं उभे होते, त्यांना यानं मला विकलं."

सगळ्यांच्या माना कप्तानाकडं वळल्या.

"खुळी झालीय पोर," कप्तान म्हणाला. हसला. "त्यांनी पढवून पाठवलीय. नऊ वर्षांच्या पोरीला काय आठवतंय?"

काकी त्याच्याकडे चालत गेली. स्वारांपैकी कुणीही तिला अडवलं नाही. तेही त्याच्याकडेच बघत होते. तिनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, डावीकडं वळवलं आणि त्या कानाकडं बघत राहिली.

"मी धुतला होता हा," ती हळूच म्हणाली. "माझ्या हातानं धुतला. आणि मी म्हटलं होतं, तलवारीनं असं फाटलेलं कसं? तू म्हणालास, वहिनी, तलवार बोथट होती."

हे ती म्हणाली होती. मला आठवलं. भांडं धरून मीच तिथं उभी होते. मी वाळूत बसले. बेनहादू डोळ्यांपुढं आलं, आमच्या पुरुषांनी जाळलेलं. तह असताना लूट करता येत नव्हती. लुटीला निमित्त हवं होतं. ते निमित्त म्हणजे आमची ओलाया.

मी दोन फाद्रिकेकडं बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. त्याचा चेहरा तसाच होता. राग नाही, नवल नाही. बाकी सगळं मी कदाचित विसरेन, पण तो शांत चेहरा नाही विसरणार.

"ऊन वाढतंय," तो म्हणाला. "विचारा तिला, कुठं जाणार."

दुभाष्यानं विचारलं.

"आई, मी कशी येऊ?" ओलाया म्हणाली. "इथं न्याय मागायचा तर या खुर्चीतल्या माणसाकडं. माझी माणसं तिकडं आहेत. धाकटा घरी वाट बघतोय." मग काझीकडं वळून तिनं त्यांच्या भाषेत एकच शब्द उच्चारला. तो समजायला दुभाष्या लागला नाही.

"मग सौदा संपला," दोन फाद्रिके म्हणाला. "बाई, तुझा कैदी परत घेऊन जा."

उबैद हात बांधलेला, वाळूत बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. इतक्या वर्षांत आमची बोली त्याला आमच्याइतकीच येत होती. काकी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. पहिल्यांदाच तिची मान खाली गेलेली मी पाहिली.

"मी रोज सांगत होतो, बाई," तो म्हणाला.

काकीनं गुडघे टेकले आणि त्याच्या हातांची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना. मी उठून गेले आणि दोघींनी मिळून सोडली. "माफ कर म्हणायला मला तोंड नाही," ती म्हणाली. "जा."

एका स्वारानं भाला आडवा घातला. "ए म्हातारे, हा लुटीचा माल आहे!"

"म्हातारी तुझी आई! मला दिलाय ना हा? तुमच्याच सरकारनं दिलाय, माझ्या पोरीच्या बदल्यात. मग माझ्या मालाचं मी काय वाटेल ते करीन. घाल भाला, बघू!"

पलीकडं काझी उठून उभा राहिला होता. दोन फाद्रिकेनं कंटाळल्यासारखा हात हलवला. भाला बाजूला झाला आणि उबैद ओलायाच्या खेचरामागं पाण्यात उतरला. त्याची बायको बेनहादूच्या आगीत गेली होती, हे आम्हाला नंतर कळलं. त्यानं कधी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही कुठं विचारलं होतं?

आठवड्याभरात लोकांची तोंडं सुटली. "पढवलेलीच होती पोर," "कप्तान असं करील होय?" तसं म्हणणं सोपं होतं. खरं मानलं असतं तर घरातली ती तांब्याची भांडी कुठं ठेवायची?

काकीनं भट्टी पेटवली नाही. अदेलांतादोचा कारभारी आला. "फौजेला पाव हवेत, सांचाबाई."

"भट्टी सरकारची आहे. सरकारनं पेटवावी."

तिला घराबाहेर काढलं; भट्टीमागचं घरही सरकारचंच होतं. ती माझ्याकडं राहायला आली आणि मिळेल ती मजुरी करू लागली. विहिरीवर नवी बाई आली की तिला नदीवरची सगळी हकीकत सांगायची. लोक टाळायला लागले तरी सांगायची. राजाकडं फिर्याद गेली, उत्तर आलं नाही. कप्तानाला शिक्षा झाली नाही. तो बंदराकडं निघून गेला, तिथून समुद्रापार.

पुढं ग्रानादा पडलं आणि सरहद्दच संपली. काकी गाढवावर बसून लेकीकडं गेली, हिवाळाभर राहून आली. नातवंडांबद्दल बोलताना तिचा चेहरा उजळायचा. पण पुढं पलीकडच्यांवर धर्मासाठी जुलूम सुरू झाला, आणि ओलायाचा निरोप आला: आम्ही समुद्र ओलांडून आफ्रिकेत चाललोय, आई, तू ये. काकीचं ठरेना. "या वयात? माझ्या देवाला सोडून?" असं म्हणत बसायची.

अशात एके दिवशी चौकात दवंडी झाली. आम्ही दोघी माझ्या उंबऱ्यावर शेंगा सोलत होतो. राजानं नव्यानं सापडलेल्या बेटांवर शूर कप्तान ओर्दोन्यो याला अदेलांतादो नेमलं आहे. गावाच्या या सुपुत्राच्या मानानं सगळीकडं घंटा वाजवाव्यात.

काकीच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, हिचा जीवच गेला. मग ती उठली आणि दवंडीवाल्यासमोर गेली.

"त्या बेटांवर माणसं राहतात का रे?"

"राहतात म्हणे, काकी. उघडीवाघडी."

"त्यांना पोरी आहेत?"

दवंडीवाला गोंधळला. "असतीलच की. का?"

घंटा वाजायला लागल्या. आमच्यातलंच कुणीतरी दोर ओढत होतं. काकी आत गेली आणि कपड्यांचं गाठोडं बांधायला लागली. दुसऱ्या सकाळी मी तिला ओलायाच्या गावच्या वाटेपर्यंत सोडायला गेले.

"तू पण चल," ती म्हणाली.

मी गेले नाही. माझी पोरं इथं होती.