कुणाचा नंबर दिसावा

नंबरकाकांचं काम एका वाक्यात सांगण्यासारखं होतं, पण ते ऐकून कुणी त्यांना मुलगी दिली नसती. बरं झालं, लग्न आधीच उरकलं होतं. इंटरनेटवरून लावलेला फोन चार यंत्रांतून उड्या मारत जातो, आणि पलीकडच्याच्या पडद्यावर कोणता नंबर दिसावा हे मधल्या एका यंत्रात कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे काका. कचेरीतला आतला नंबर दोनशे चौदा असला, तर बाहेर नुसता दोनशे चौदा बघून लोक बुचकळ्यात पडतील. काका त्याच्या जागी पूर्ण नंबर बसवत, पुढचं शून्य काढत, देशाचा आकडा लावत. तिसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून त्यांची खोली होती. दोन स्क्रीन आणि पाठीला उशी लावलेली एक खुर्ची.

मनात आणलं तर काका कुणाच्याही फोनवर कुणाचाही नंबर दाखवू शकत. पण माणूस नाकासमोर चालणारा. एक गादीवाला व्यापारी त्यांच्या मागेच लागला होता, की ज्या शहरात फोन जाईल तिथलाच नंबर दिसू दे, म्हणजे लोक आपला समजून उचलतील. काकांनी त्याला सांगितलं, की जो नंबर तुमचा नाही तो तुमच्या तोंडावर चिकटवायला मी इथे बसलेलो नाही. गादीवाला तणतणत गेला. काकांच्या बायकोने हा किस्सा पुढे वर्षभर येईल त्या पाहुण्याला ऐकवला.

अशा माणसाचा फोन त्याची स्वतःची मुलगी उचलत नव्हती, आणि त्याला दोन वर्षं झाली होती.

दोन वर्षांपूर्वी आजारी बायको ज्या हॉस्पिटलात होती, तिथली फोनची व्यवस्था काकांचीच. डोक्याला ताप नको म्हणून त्यांनी सोपा नियम करून टाकला होता: वॉर्डातून करा, औषधांच्या खिडकीतून करा, बाहेर एकच मुख्य नंबर दिसणार. तिथला टेलिफोन सांभाळणारा माणूस त्याच नंबरावरून काकांना दिवसातून चारदा पिडायचा. आज आवाज फाटतोय, उद्या अमक्या खोलीतला फोन मुका झालाय. त्या दिवशी काका सकाळभर बायकोपाशी बसून दुपारी जेवायला घरी आले होते. फोन वाजला, तोच नंबर. काका म्हणाले, चार घास तरी सुखाने खाऊ दे की बाबा, आणि फोन उपडा ठेवला. तो आणखी दोनदा वाजला, मग त्यांनी तो बंदच करून टाकला.

तो फोन वॉर्डातून होता, बायकोच्या पलंगाशेजारून नर्सने लावलेला. नर्सने शेवटी मुलीला लावला, पण मुलगी दुसऱ्या शहरात. ती पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. काकांचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर. बायको गेली तेव्हा जवळ घरचं कुणी नव्हतं.

मुलीने एवढंच विचारलं, "तीनदा वाजला होता ना?" काका हो म्हणाले. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात काकांनी हॉस्पिटलच्या वॉर्डावॉर्डाला वेगळा नंबर दिला. बैल गेला आणि झोपा केला, असं स्वतःलाच म्हणाले. ऐकायला दुसरं होतं कोण? घरात कपबशा सहा, लागायची एक. रोज संध्याकाळी सातला ते मुलीला फोन लावत. दोन घंट्या होत आणि ती कापून टाकी.

एका दुपारी ते पार्सल पोचवणाऱ्या कंपनीची नवी लाइन तपासत होते. नियम लिहून झाला होता, आता कुठल्यातरी फोनवर त्या कंपनीचा नंबर नीट उमटतो का हे बघायचं होतं. एरवी ते टेबलावरच्या फोनवर बघत. त्या दिवशी त्यांनी मुलीचा नंबर टाकला. टाकताना जराही कचरले नाहीत, याचंच त्यांना नंतर वाईट वाटलं.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"हां दादा, खालीच थांबा, मी येते. ऊन फार आहे, पाणी आणू का तुमच्यासाठी?"

कुणा अनोळखी पार्सलवाल्याच्या वाट्याला येणारी ही माया त्यांनी दोन वर्षांत ऐकली नव्हती. आणि तोंडातून निघालं ते रोजचंच वाक्य.

"टेस्ट कॉल आहे. आवाज नीट येतोय का?"

ती हळूच म्हणाली, "बाबा, हा नंबर तुमचा नाही."

"नाही."

"गादीवाल्याला नाही म्हणालात, ते आई किती कौतुकाने सांगायची. आणि माझ्याशी असं वागलात?"

"चुकलं माझं."

"करायचा तर स्वतःच्या नंबरावरून करा."

"उचलशील?"

"माहीत नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

काकांनी झाला प्रकार आपणहून साहेबांच्या कानावर घातला. साहेब हसले, एका टेस्ट कॉलने काय आभाळ कोसळतं, म्हणाले. काकांना हसू आलं नाही.

सातला त्यांनी स्वतःच्या नंबरावरून फोन लावला. एक घंटी, दोन घंट्या. तिसरी झाली, चौथी झाली. तिने कापला नव्हता, वाजू दिला होता. काकांना इतका आनंद झाला की ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

घंटी वाजतच राहिली. ती शांत घरात फोनबाहेरही ऐकू येत होती, आणि तेव्हा काकांना पहिल्यांदाच कळलं, की त्या दुपारी नर्सने कानाला लावलेल्या फोनमधली ही घंटी बायकोलाही पलंगावर पडल्या पडल्या ऐकू आली असेल. तिन्ही वेळा.

त्यांनी फोन खाली ठेवला नाही. तो आपोआप बंद होईपर्यंत ते ऐकत उभे राहिले.