मॅडम, जरा उतरता का?

नागपूर ते खापा अप-डाऊन करणाऱ्या मास्तरांना किस्से जमवावे लागत नाहीत. गाडीत सीटखाली शेंगांची टरफलं साचतात, तसे ते आपोआप साचतात. टरफलं निदान रविवारी झाडून तरी टाकता येतात! आमच्या गाडीचे किस्से मी बरेच दिवस हसून सांगत आलो. हल्ली सांगता सांगता मध्येच मान खाली जाते.

गाडी माझी. जुनी, डिझेलची. मी शाळेत विज्ञान शिकवतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मुद्दाम विचारायला नको. मागच्या सीटवर पीटीचे वानखेडे सर आणि हिंदीचे कुकडे सर. पुढे माझ्या शेजारी मराठीच्या मेश्राम मॅडम. मॅडमची ही शेवटची थंडी, जानेवारीअखेर त्या रिटायर होणार होत्या. शाळेत परिपाठाला संविधानाची प्रास्ताविका होते, तिची सुरुवात कितीतरी वर्षं मॅडमच्याच आवाजात झाली. एक दिवस चुकला नव्हता. शेवटपर्यंत तो चुकू नये, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते आमच्या गाडीच्या हातात होतं.

*

दिवाळीनंतरची पहिली गार सकाळ. नागपुरात मानकापूरला माझ्या घरासमोर चौघे गाडीत बसलो. मी किल्ली फिरवली. घर्र घर्र झालं, पांढरा धूर निघाला, पण गाडी काही उठेना.

मॅडम म्हणाल्या, "सर, मागच्या वर्षी किल्ली फिरवली का इथं एक पिवळा दिवा लागे. यंदा दिसून नाही राहिला."

"मॅडम, गाडीत दिवा लागला म्हणजे बिघाड. नाही लागला म्हणजे गाडी ठणठणीत!"

मागून दोघेही हसले. मग मीच म्हणालो, "मॅडम, जरा उतरता का? धक्का मारा लागते."

मॅडम उतरल्या, पदर खोचला आणि सगळ्यांच्या आधी गाडीला हात लावला.

*

वानखेडे सरांचं निदान तयारच होतं. "बॅटरी मेली! दुसरं काही नाही."

नवी बॅटरी टाकली. दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवताच स्टार्टर असा जोरात फिरला की समोरच्या घरातले लोक गॅलरीत आले. गाडी मात्र सुरू झाली नाही.

कुकडे सर म्हणाले, "वानखेडे, आधी म्हातारं खोकत होतं गा. आता जवान खोकून राहिलं. फरक तेवढाच!"

"मॅडम, जरा उतरता का?"

*

मग कुकडे सरांची पाळी. त्यांच्या मते डिझेलच्या लाइनीत हवा जात होती. रोज सकाळी बॉनेट उघडून ते फिल्टरवरचा हातपंप दाबत बसायचे. हवा निघाली की नाही कोण जाणे, पण डिझेल बरोबर हातावर यायचं. साबणानं ते जात नाही. त्या हातांनी त्यांनी सहावीच्या वह्या तपासल्या.

शनिवारी एक पालक शाळेत आले. पोराची वही नाकाजवळ नेली आणि अगदी आदरानं विचारलं, "सर जी, काही साइड बिझनेस सुरू केला काय?"

कुकडे सर आमच्याकडे बघून राहिले. आम्ही खिडकीबाहेर बघून राहिलो.

*

शेवटी शाळेतून परतताना गाडी गॅरेजवर नेली. पप्पूभाई मेकॅनिकनं किल्ली फिरवली आणि अर्ध्या फिरकीत गाडी सुरू! बंद केली, पुन्हा फिरवली, पुन्हा सुरू. मी म्हणालो, "सकाळी नाही होत हो. सकाळी लय त्रास देते."

"मास्तर, गाडी आत्ता खाप्याहून आली, गरम आहे. गरम गाडीचा थंडीचा आजार मले कसा दिसन? रातभर इथं ठेवा, सकाळी मी पाहतो."

"मग सकाळी आम्ही शाळेत जाऊ कशानं?"

"बसनं!"

बस म्हटल्यावर तिघांचीही तोंडं वाकडी झाली. बसमध्ये उभं राहावं लागतं आणि गाडीतल्या डब्यावरची गाणी ऐकायला मिळत नाहीत. मॅडम तेवढ्या म्हणाल्या, "मले चालते बस. एक दिवसाचा तं प्रश्न आहे."

पण ऐकतो कोण! गाडी घरी आणली.

*

त्या रात्री मी डोकं चालवलं. इंजिन थंड पडतं ना? मग पडूच द्यायचं नाही! घरातली नवी रजई बॉनेटवर पांघरली, चारही बाजूंनी नीट खोचली. सकाळी पाहतो तर रजई खाली जमिनीवर, आणि तिच्यात गल्लीतली कुत्री पिल्लांसकट झोपलेली.

बायको दारात येऊन बघत होती. "इतक्या वर्षांत मले कधी असं खोचून पांघरूण नाही घातलं तुम्ही."

पिल्लं हलवण्यात दहा मिनिटं गेली. गाडी सुरू झाली नाही ती नाहीच.

*

आणि मग तो दिवस आला. धुकं होतं. आम्ही गाडी ढकलत ढकलत चौकापर्यंत नेली, मॅडमही ढकलत होत्या. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी एका ऑटोवाल्यानं मागून ऑटोतूनच पाय लावून ढकललं तेव्हा कुठे गाडी धूर ओकत चालू झाली. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या. गाण्याचं बटन दाबायची त्या दिवशी कोणाची हिंमत झाली नाही.

शाळेच्या गेटपाशी पोचलो तर आतून पोरांचा आवाज येत होता. 'आम्ही भारताचे लोक' होऊन गेलं होतं, प्रास्ताविका पुढे सरकली होती. मॅडम गेटबाहेरच थांबल्या, सरळ उभ्या राहिल्या. ओठ हलत होते. त्यांच्या मागे आम्ही तिघे, हात काळे.

मुख्याध्यापक समजूतदार माणूस. म्हणाले, "होते मॅडम, कधी कधी."

"हो जी, होते," मॅडम म्हणाल्या आणि वर्गावर गेल्या. त्यांनी आम्हाला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मधल्या सुट्टीत त्यांनी नेहमीसारखा डबा पुढे केला. मला स्वतःची लाज वाटत होती.

*

त्याच संध्याकाळी गाडी पप्पूभाईकडे टाकली आणि सकाळी चौघेही बसनं गेलो. उभे राहून! परत आलो तेव्हा पप्पूभाई हसत होता.

"मास्तर, हीटर प्लगले करंटच नाही जाऊन राहिला. थंडीत डिझेल गाडी आधी आतून तापवा लागते. ते तापून राहिले का पिवळा दिवा लागते, विझला का स्टार्टर मारायचा. तुमचा दिवा लागतच नसन?"

इंजिनात हवा तापल्याशिवाय डिझेल पेटत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो.

"त्याचा फ्यूज कोणीतरी काढून गाण्याच्या डब्याले लावला. दसऱ्याले डबा बसवला होता का?"

बसवला होता. हौस माझी, पसंती वानखेडे सरांची, गाणी कुकडे सरांची. इतके दिवस आम्ही तिघे त्याच फ्यूजवर गाणी ऐकत शाळेत गेलो होतो.

दुसऱ्या सकाळी किल्ली फिरवली. पिवळा दिवा लागला. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. "लागला," म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

मागून कोणी हसलं नाही.

*

जानेवारीअखेरपर्यंत गाडी एकदाही रुसली नाही. मॅडमच्या निरोप समारंभाच्या दिवशी तर आम्ही ती धुऊन, झेंडूच्या माळा घालून नेली. मॅडमना घरापर्यंत सन्मानानं सोडायचं ठरलं होतं. शाळेचा स्पीकर ऐनवेळी बिघडला, तेव्हा वानखेडे सर छाती काढून म्हणाले, "आपल्या गाडीत डबा आहे नं!" गाडी मैदानात लावली, चारही दारं उघडली आणि दुपारभर पोरं तिच्या गाण्यांवर नाचली.

संध्याकाळी मॅडम पुढच्या सीटवर बसल्या. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. बाहेर मुख्याध्यापक, सगळा स्टाफ, सगळी पोरं. मी किल्ली फिरवली. टक् असा आवाज आला, मग तोही बंद झाला. गाणी बॅटरी पिऊन बसली होती.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मागचे दोघे मुकाट्यानं उतरले. मुख्याध्यापकांनीही बाह्या वर केल्या. मॅडम, जरा उतरता का, हे म्हणायची माझी छाती होईना. नुसतंच त्यांच्याकडे बघितलं.

मॅडमनी शाल सारखी केली, नारळ मांडीवर नीट ठेवला आणि सीटला पाठ टेकली.

"ढकला आरामात, सर. आता मले कुठं उशीर होऊन राहिला?"