काचेवरची लाल रेघ

धनलाल गेल्याचा फोन आला तेव्हा मी बिरसीला विमानतळालगतच्या शेतावर होतो. डोक्यावरून शिकाऊ पोरांचं विमान घरघरत चाललं होतं आणि वहिनी काय सांगते ते ऐकूच येईना. 'पुन्हा सांगा,' म्हणून मी ओरडलो. नवरा गेला हे त्या बाईला माझ्यापायी दोनदा सांगावं लागलं... दीड महिना झाला, ते अजून डोक्यातून जात नाही.

गोंदियात धनलालचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. धानाला पाणी देणारे पंप जळले की त्याच्याकडे यायचे. माझे तीन आले आणि तिथेच दोस्ती जमली. असा हा माणूस एकदा मुंबईला भाच्याकडे गेला आणि येताना थर्माकोलच्या डब्यात मऊ प्रवाळाचा अंगठ्याएवढा तुकडा घेऊन आला. त्यासाठी बैठकीत आधीच काचेची टाकी मांडून, विकतचं समुद्री मीठ कालवून ठेवलं होतं. दिसायला कुत्र्याची छत्री, हाताला चामडं, आणि डोक्यावर बारीक बारीक बोटं पाण्यात हलायची. हे झाड नाही, जिवंत जनावर आहे, असं त्यानं मला चारदा समजावलं. मी विचारलं, 'याची भाजी होते का?' त्यावर गडी आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

आमच्याकडचा उन्हाळा माणसाला सोसत नाही, तिथे समुद्रातल्या जीवाची काय कथा. त्यात तेव्हाचं भारनियमन. धनलालनं टाकीच्या तोंडावर पंखा लावला आणि लाइट गेली तरी तो चालावा म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी सोफ्याखाली ठेवली. वहिनीचा सोफा कायमचा बिघडला. पंख्यानं पाणी थंड राहायचं, पण उडायचंही भराभर. एका मे महिन्यात दोघं पुतणीच्या लग्नाला सडक अर्जुनीला गेली आणि चार दिवस टाकी माझ्या हवाली केली. मी धानवाला माणूस. बांधीतलं पाणी उतरलं की भरायचं, एवढं मला कळतं. टाकीतलं पाणी उतरलं तसं त्यानं बादलीत कालवून ठेवलेलं खारं पाणी मी रोज इमानदारीनं ओतत गेलो. चौथ्या दिवशी ती छत्री मिटून, आवळून बसली.

धनलाल आला, पाण्यातलं मीठ मोजलं आणि माझ्याकडे वळला.

'मिठाचं पाणी काऊन टाकला बे?'

'समुद्र खाराच राह्यते ना!'

'पाणी उडते, मीठ थोडी उडते? तिथंच राह्यते. तू तर लोणचं घालून राहिला होता.'

रागावला नाही. दोन दिवस दुकान बंद ठेवून वाटी-वाटीनं खारं पाणी काढलं, साधं घातलं. प्रवाळ वाचलं. मग वहिनीची नखपॉलिश घेऊन काचेवर लाल रेघ ओढली आणि मला बजावलं, 'इथपर्यंत. साधं पाणी.' पुढे कितीतरी वर्षं चारचौघांत माझी ओळख 'लोणचंवाला' अशीच करून द्यायचा. मला राग यायचा. आता कोणी म्हणत नाही, त्याचाही येतो.

तेरवी होईपर्यंत टाकीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. पाणी रेघेच्या चार बोटं खाली गेलेलं, प्रवाळ मिटलेलं, वरून मेणचट पापुद्रा. वहिनी म्हणाली, 'भाऊजी, ह्यायच्या मागं हेही गेलं. फेकून द्या.' मी हात घातलाही होता... पण धनलाल सांगायचा, मेलं तर अख्खं घर घाणेल. घाण नाही तर कात टाकून राहिलं समजायचं, हात लावायचा नाही. मी वाकून वास घेतला. घाण नव्हती. तरी खरं सांगतो, भरवसा नव्हता. एकदा मरता मरता वाचलेला जीव, त्यात माझा हात, आणि आता सुधारायला तो नाही. तेव्हापासून रोज सकाळी जाऊन वाटी-वाटीनं साधं पाणी घालत होतो, रेघ येईपर्यंत. वहिनी चहा द्यायची, टाकीकडे बघायची नाही.

परवा गेलो तर पापुद्रा गळून तळाशी पडला होता आणि बोटं बाहेर आली होती, हलत होती. मला रडू आलं, लपवलं नाही. वहिनी टाकीपाशी येऊन वाकली. काचेवरची रेघ जागोजागी खरवडली होती. तिनं कपाटातून नखपॉलिशची बाटली काढली. आता ती स्वतः लावत नाही. जुन्या रेघेवरून हळूहळू ब्रश फिरवला, थोडा वाकडा गेला.

'इथपर्यंत, भाऊजी,' ती म्हणाली. 'साधं पाणी.'